फाटकाजवळची शिंदी

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर लिहा, असं समितीने सांगितलं. इमारतींचा इतिहास सर्वांना माहीत आहे. मी सोसायटीपेक्षाही जुन्या रहिवाशाबद्दल लिहितो: फाटकाजवळच्या शिंदीबद्दल. रौप्यमहोत्सवानिमित्त ती काढून तिथे मोठे शोभेचे खजूर आणून लावावेत, अशी सूचना सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. मत देण्यापूर्वी या घराण्याची थोडी माहिती असावी.

खजूर आणि शिंदी या चुलत बहिणी. शास्त्रीय नावात दोघींचं आडनाव एकच, फिनिक्स. खजुराचा मान फार जुना. इ.स.पू. १७५० च्या सुमाराच्या हम्मुराबीच्या कायद्यात दुसऱ्याच्या बागेतलं झाड मालकाला न विचारता तोडलं तर अर्धा मीना, म्हणजे साधारण पाव किलो चांदी दंड होता. त्या काळी तिकडच्या बागा मुख्यतः खजुराच्याच.

शिंदी मात्र इथलीच. तिच्या पातींची केरसुणी आपण लक्ष्मीपूजनाला पुजतो. तिचा ताजा रस म्हणजे नीरा. बंगालात त्याचाच गूळ करतात. आपल्याकडे रानटी म्हणून दुर्लक्षित असलेलं हेच झाड अमेरिकेत, फ्लोरिडात, शोभेसाठी विकत घेऊन लावतात!

आता शोभेच्या हौसेची दुसरी बाजू. एकोणिसाव्या शतकात कॅनरी बेटांवरचा जाडजूड खजूर फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यावरच्या बागांत गेला आणि तिथल्या शहरांची ओळख बनला. पुढे तयार मोठी झाडं मुळासकट आणून लावायची पद्धत वाढली. त्यांच्या पोटात बसून आपल्याकडचा सोंड्या भुंगा प्रवासाला निघाला. कोकणातल्या नारळवाल्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. १९८० च्या दशकात तो आखाती देशांत पोचला, १९९० च्या दशकात इजिप्त आणि स्पेनमध्ये, २००४ नंतर इटली-फ्रान्समध्ये. हजारो झाडं तोडावी लागली.

हा भुंगा ताज्या जखमेच्या वासावर येतो आणि तिथे अंडी घालतो. अळ्या खोड आतून पोखरतात. शेंडा कलल्यावर आपल्याला कळतं, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. या झाडांच्या खोडाला फांद्या नसतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शाखाच नाहीत, शेंड्यातला एकच कोंब म्हणजे हेड ऑफिस. ते बुडालं की खातं बंद. शिवाय खोडाची जखम कधी भरून येत नाही. आपल्या शिंदीवर रस काढल्याच्या जुन्या खाचा आहेत, त्या पाहा. सोसायटीच्या नोंदणीच्या आधी कोणीतरी तिच्यावर पोट भरलं, त्याची ती पासबुकं.

बाहेरून आणलेली मोठी झाडं तुटक्या मुळांवर उभी असतात. ती धरेपर्यंत टेकू, पाणी आणि देखरेख लागते. त्यातही काही मरतात. शोभाच हवी तर कुंडीतले बुटके खजूर जिन्यापाशी छान दिसतील. शिंदीच्या फक्त वाळलेल्या झावळ्या काढाव्यात, हिरव्यांना कोयता लावू नये, एवढीच तिची अपेक्षा.

सभेला प्रकृतीमुळे येणं जमेलच असं नाही. म्हणून शिंदी राहावी, हे माझं मत इथेच लेखी नोंदवतो.