शब्दवेध : यातना

‘यातना’ हा शब्द मराठीत आज कोणत्याही तीव्र वेदनेसाठी वापरला जात असला, तरी तो ‘यत्’ या संस्कृत धातूच्या प्रयोजक रूपातून, म्हणजे ‘परतफेड करणे’ या अर्थातून आला असून, सूड या अर्थाचा ‘वैरनिर्यातन’ हा शब्द त्याच कुळातला आहे. नरकयातना म्हणजे पापाची वसूल होणारी बाकी. अमरकोशाच्या नरकवर्गात रौरव, अवीची, कालसूत्र या नरकांजवळच वैतरणी नदीही येते. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे, कावेरी आणि कपिला (काबिनी) यांच्या संगमावर, १९८९ साली सुरू झालेल्या आणि दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कुंभमेळ्यात भाविक स्नान करतात, ते पाप फिटावे याच श्रद्धेने. तेथील कन्नडातही हा शब्द ‘यातने’ म्हणून रुळलेला आहे. निरपराध रुग्णाच्या वेदनेलाही ‘यातना’ म्हटले जाऊ लागले आणि शब्दातली शिक्षा गळून पडली, हे फार चांगले झाले.