सातारा–सांगलीच्या गावतालमी

कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठावरील गावांत तालीम ही सर्वांत जुनी क्रीडासंस्था आहे. बहुधा मारुतीच्या देवळाजवळची एखादी खोली, मधोमध लाल मातीचा हौदा आणि भिंतीला टेकवलेल्या करेला, जोडी, गदा एवढाच तिचा पसारा. जागा गावाची, शिस्त वस्तादाची आणि खुराक ज्याच्या त्याच्या घरचा, या तीन गोष्टींवर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. यांतील एकही निखळली, की तालीम अडचणीत येते.

या भागातील बलोपासनेची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात, तर बहे आणि शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात आहेत. संस्थानी काळात या परंपरेला राजाश्रय मिळाला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले आणि सातारा भागातील होतकरू मल्लांना कोल्हापूरची वाट खुली झाली. त्या वेळी सातारा हा एकच मोठा जिल्हा होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

गावतालमीचे अर्थकारण जत्रेभोवती फिरत असे. गावकऱ्यांच्या वर्गणीतून मैदान भरे. हलगीच्या कडकडाटात आधी पोरांच्या छोट्या इनामांच्या कुस्त्या होत आणि शेवटी पहिल्या नंबरची कुस्ती लागे. एका जत्रेत नाव काढलेल्या पोराला पुढच्या गावच्या मैदानाचे बोलावणे येई. गुणी मल्ल असा गावोगावच्या मातीतून पारखला जात असे.

या व्यवस्थेचे बळ आणि मर्यादा दोन्ही खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसतात. १९२६ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वर येथे जन्मलेल्या खाशाबांना घरातूनच कुस्तीचा वारसा मिळाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या कुस्तीची फारशी सवय नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून गहाण घर सोडवायला पैसा उभा केला. ऑलिंपिक पदकाचा भार असा एका गावाने आणि एका शिक्षकाने उचलला होता.

पुढचा काळ वैभवाचा ठरला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनी सुवर्णपदके जिंकली. दोघेही हिंदकेसरी झाले. सहकारी साखर कारखानदारी बहरल्यावर पश्चिम महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले. राजाश्रयाची जागा सहकाराने घेतली.

मात्र हा आधार नामवंत मल्लांपर्यंतच पोहोचला. गावच्या तालमीला नवे प्रश्न ग्रासू लागले. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते. मॅटला काही लाख रुपये लागतात, शिवाय मोठी, कोरडी इमारत हवी. दूध, तूप, बदाम आणि मटणाचा खुराक अल्पभूधारक शेतकऱ्याला वर्षानुवर्षे पेलत नाही. ज्यांना तो पेलतो, ते मुलाला कोल्हापूर किंवा पुण्याच्या तालमीत धाडतात आणि गावचा हौदा ओस पडतो. वस्तादाला ठरावीक पगार नसतो. त्यामुळे ही विद्या पुढे नेणारा माणूसच पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठची गावे बुडवली, तर करोनाकाळात जत्रा बंद राहिल्याने मैदानांचे इनामही थांबले. खुद्द गोळेश्वरमधील कुस्ती संकुल इतके रखडले, की २०१७ मध्ये खाशाबांच्या कुटुंबाने पदक लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली.

याच काळात एक जुनी भिंत मात्र ढासळली. पिढ्यान्‌पिढ्या तालमीच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्या मुली आखाड्यात उतरल्या. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली.

खाशाबांपासून प्रतीक्षापर्यंतचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. या मातीत मल्लांची वाण कधीच नव्हती, वाण होती ती कायमच्या आधाराची. विजयानंतर होणाऱ्या सत्कारापेक्षा गावच्या वस्तादाला नियमित मानधन, गरीब मल्लाला खुराक आणि दोन-चार गावांत मिळून एक मॅट या गोष्टी तालमीला अधिक तारतील. त्यासाठी ग्रामपंचायत, कारखाना आणि शासन या तिघांनीही आपला वाटा उचलायला हवा.