उपग्रहचित्र आणि वनहक्काचा पुरावा

अवकाशसंशोधनाचा समाजाला होणारा लाभ सांगताना हवामान, दळणवळण व दूरचित्रवाणी यांचा उल्लेख सामान्यतः प्रथम होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र या लाभाचा विचार जमिनीच्या प्रश्नापासून करणे उचित ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्याच्या उतारांवर त्यांपैकी अनेकांनी कसलेली जमीन सरकारी दप्तरात ‘वन’ म्हणून नोंदलेली असल्याने, कसणाऱ्याने आपली वहिवाट सिद्ध कशी करावी, हा तेथील मूळ प्रश्न होय.

महाराष्ट्र शासनाच्या २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची वनजमिनीवरील वहिवाट नियमित करण्याचे ठरले. त्या वेळी वनखात्याच्या गुन्हानोंदी व दंडाच्या पावत्या यांना पुरावा म्हणून विशेष महत्त्व आले. परिणामी, ज्याला दंड झाला त्याच्यापाशी पुरावा होता; ज्याच्याकडून पावतीविना वसुली झाली, तो मात्र रिकाम्या हाताने उरला. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नोंदींपलीकडील पुराव्यालाही वाट मोकळी केली.

याच काळात दूरसंवेदनाचे तंत्र देशात रुजत होते. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह सोडण्यात आला, आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. या उपग्रहाच्या सूक्ष्मतर कॅमेऱ्याचे विभेदन ३६.२५ मीटर होते. म्हणजे एकरभर शेत जेमतेम तीन चित्रबिंदूंत सामावे. २००३ च्या रिसोर्ससॅट-१ मुळे सुमारे ५.८ मीटर विभेदनाची रंगीत चित्रे मिळू लागली व त्याच एकराचे सुमारे १२० चित्रबिंदू झाले. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ ने हे विभेदन, कृष्णधवल चित्रांत, २.५ मीटरपर्यंत आणले. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने वहिवाटीसाठी १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरविली. ज्या दिवसाचा पुरावा द्यावयाचा, त्याच्या आसपासची भूमी चित्ररूपाने पाहणे अशा रीतीने शक्य झाले.

तथापि या चित्राच्या मर्यादा स्पष्ट आहेत. पावसाळ्यात ढग आड येतात. उन्हाळ्यात पडीक शेत व उघडा माळ सारखेच दिसतात. बांधावरील महूच्या छायेत शेताची कड लपते. शिवाय चित्रात शेत दिसते, ते कसणारा दिसत नाही. म्हणूनच २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने नकाशे व उपग्रहचित्रे यांच्याबरोबरच घरे, बांध, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांची लेखी घेतलेली निवेदने हाही पुरावा मानला. पावरी, मावची वा देहवाली बोलणाऱ्या वृद्धाची आठवण मराठीत उतरविली जाताना तिच्यातील काळ व स्थळ अचूक राहिले पाहिजे. कारण चित्राला मालकाचे नाव देणारी तीच एक गोष्ट असते. २०१२ च्या सुधारित नियमांनीही उपग्रहचित्र हे अन्य पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नव्हे, असे स्पष्ट केले.

या तत्त्वाची कसोटी नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात लागली. डेडियापाडा भागातील ग्रामसभांनी आर्च-वाहिनी या संस्थेच्या साहाय्याने जीपीएस यंत्रे हाती घेतली, शेतांच्या सीमा मोजल्या आणि त्या उपग्रहचित्रांवर बसविल्या. याच संस्थेच्या याचिकेवर २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयाने केवळ उपग्रहचित्राच्या आधारे दावे फेटाळणे मान्य केले नाही. चित्राचा आधार घेणारे आणि चित्राच्या एकाधिकाराला आव्हान देणारे येथे एकाच बाजूस होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तंत्राचे हस्तांतरण म्हणजे यंत्राचे वा चित्राचे वाटप नव्हे. ज्याच्या जमिनीचा निर्णय चित्रावरून व्हावयाचा, त्याला ते वाचता येणे आणि त्यातील उणीव दाखविता येणे, येथेच ते हस्तांतरण पूर्ण होते. सातपुड्यातील वनदाव्यांच्या संदर्भात अवकाशसंशोधनाचे सामाजिक मूल्य याच कसोटीवर ठरवावे लागेल.