भिंतीवरचा पांडू

पुण्यातल्या आमच्या घरामागे काळ्या दगडाची जुनी भिंत आहे. गेल्या मार्गशीर्षात तिच्यावर एक तपकिरी पक्षी येऊन बसला. बुलबुलापेक्षा थोडा मोठा, ताठ, एकटाच. वहीत मी ‘दयाळ, मादी’ असं लिहून टाकलं. दयाळाच्या पंखावरचा पांढरा पट्टा कुठेच नव्हता, उलट पोटभर बारीक आडव्या रेघा होत्या. हे ध्यानात आलं दुसऱ्या आठवड्यात. शेजारच्या गच्चीच्या कोपऱ्यावर अगदी तसाच ताठ बसलेला, पण निळसर पक्षी दिसला, तेव्हा. हा निळ्या कस्तुराचा नर, आणि माझ्या भिंतीवरची त्याची मादी.

कस्तुर म्हटलं की मला आठवतो तो महाबळेश्वरच्या ओढ्याकाठी पावसात शीळ घालणारा. हा वेगळा. हा हिमालयाकडून हिवाळ्यापुरता येतो आणि उन्हाळा चढू लागला की परततो. दाट झाडीपेक्षा त्याला कडे, दगडाच्या खाणी, गडांचे पडके बुरूज प्रिय. आमची गच्ची त्याच्या लेखी एक सुळकाच असणार.

पुस्तकात त्याचं शास्त्रीय नाव शोधलं: मॉन्टिकोला सॉलिटेरियस पांडू. पहिले दोन शब्द लॅटिन. डोंगरात राहणारा, एकटा. तिसऱ्यावर मात्र बोट थांबलं. लॅटिनच्या शेजारी हा घरचा शब्द कसा?

तो तिथे ठेवला कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. १८१७ च्या खडकीच्या लढाईत हा माणूस इंग्रजांच्या बाजूने लढला. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या पाहणीवर नेमलं. गावं, जमिनी, पिकं, पाऊस यांची मोजदाद करता करता त्याने इथले पक्षीही जमवले. तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा, मग हातात घेऊन पिसं तपासायची. विलायतेला परतल्यावर, १८३२ मध्ये, त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तिच्यात घारीला ‘गोविंदा’, एका रानघुबडाला ‘इंद्राणी’, काळ्या बुलबुलाला ‘गणेश’ आणि या कस्तुराला ‘पांडू’ अशी नावं आहेत. ती चारही आज जगभर चालतात.

त्याच यादीत ‘माल’ नावाचा आणखी एक कस्तुर आहे. पुढच्या अभ्यासकांनी माल आणि पांडू एकच ठरवले. हातात पक्षी असूनही असं होऊ शकतं, कारण याचं रूप स्थिर नसतं. मादी निळी नसतेच. नराच्या नव्या पिसांना हिवाळ्याच्या तोंडाला फिकट कडा असतात, त्यामुळे तो मळका, खवलेदार दिसतो. त्या कडा झिजत जातात, आणि परतायच्या सुमारास खालचा निळा रंग उघडा पडतो.

जनुकांच्या अभ्यासानंतर तर या पक्ष्याला खऱ्या कस्तुरांच्या कुळातूनच काढून माशीमारांच्या कुळात नेलं. दयाळही त्याच कुळातला. वहीतली माझी पहिली नोंद चूक होती, पण ती निदान भावकीतली निघाली.

यंदाही मादी आली आहे, त्याच भिंतीवर. दोनशे वर्षांपूर्वी या मुलखातून गेलेला शब्द या पक्ष्यासाठी आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. आता नातीला मी तोच शिकवते आहे. सकाळी ती खिडकीतून ओरडते, “आजी, पांडू आला!”