राज्य, कचेरी आणि मोडी

१८४८ सालीं साताऱ्याचे छत्रपति आप्पासाहेब निवर्तले आणि दत्तक नामंजूर होऊन तें राज्य खालसा झालें. तेथून खालीं, कृष्णेच्याच कांठची पटवर्धनांची सांगली मात्र १९४८ पर्यंत संस्थान म्हणून नांदली. परकी सत्तेपुढें भाषेचें काय होतें, हें ताडून पाहण्यास हीं दोन गांवें सोयीचीं आहेत.

राज्य गेलें म्हणून साताऱ्याच्या बाजारांतली वा माजघरांतली मराठी गेली नाहीं. सांगलीस तर १८४३ सालीं चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. परंतु भाषेची प्रतिष्ठा कचेरींत आणि शाळेंत ठरते. वरिष्ठ कारभार इंग्रजींत चालूं लागला. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचें शिक्षणही त्याच भाषेंतून. नोकरीच्या आशेनें बापानें मुलास इंग्रजी शाळेंत घातलें, यांत त्याचा दोष तो काय? संस्थान असूनही सांगली या ओघाबाहेर राहिली नाहीं. १९१९ सालीं तेथें निघालेल्या कॉलेजास गव्हर्नर विलिंग्डन यांचेंच नांव मिळालें.

भाषा टिकली, लिपि मात्र टिकली नाहीं. कॅरीनें १८१० सालीं आपला मराठी कोश मोडींत छापिला होता. पुढें सरकारी शाळांचीं पुस्तकें बालबोध लिपींत निघालीं. तरीही कुलकर्ण्याच्या दप्तरांत मोडीच चाले. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारासाठीं बालबोध पत्करिली आणि मोडीची मुख्य गरजच सरली. मात्र सारें खापर इंग्रजांच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. शाळांतून मोडीचा उरलासुरला अभ्यास उठला तो स्वराज्य आल्यावर, आपल्याच हातून.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतले मोडी कागद वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपानें बालबोधींत छापिले, म्हणून तेवढे तरी आज कोणासही वाचतां येतात. पण ज्या रुमालांस खरेशास्त्री लाभले नाहींत, त्यांचें काय? आजोबांनीं मराठींतच लिहिलेलें पत्र मराठीच बोलणाऱ्या नातवाच्या हातीं येतें आणि तो तें उलटें धरावें कीं सुलटें, या विचारांत पडतो. अक्षरओळख व्हावयास थोडे आठवडे पुरतात. सराव मात्र पुष्कळ लागतो. ज्यांच्या घरीं असा एखादा रुमाल असेल, त्यांनीं तो रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एवढी खटपट अवश्य करावी.