कर्करोगाचे औषध आणि रुग्णालयातील जंतू

कर्करोगावरील औषधांचा इतिहास सांगताना आपण बहुधा गाठ विरघळल्याची हकीकत सांगतो. त्याच औषधाने शरीरातील पहारेकरीही मारले जातात, ही हकीकत मात्र सांगावयाची राहून जाते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा शस्त्रक्रिया व किरणोपचार हीच मुख्य साधने होती. मुलांच्या ल्यूकेमियात औषधाची आशा प्रथम दिसली ती १९४७-४८ साली. बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन दिलेल्या १६ मुलांपैकी १० जणांना तात्पुरता उतार पडला. ते औषध आले लेडर्ली प्रयोगशाळेतून, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मौज अशी की, ऑरिओमायसिन हे जंतुनाशकही १९४८ साली याच प्रयोगशाळेतून बाहेर पडले. पुढे या दोन जातींच्या औषधांचे एकमेकांवाचून चालेनासे झाले.

केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. त्यांत अस्थिमज्जाही सापडते. रक्तातील श्वेत पेशी घटतात, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तराला क्षते पडतात. या पेशी जितक्या कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका जंतुदोषाचा धोका अधिक, हे अमेरिकेत डॉ. बोडे प्रभृतींनी १९६६ साली दाखवून दिले. अशा रोग्याला पुष्कळदा पू होत नाही, सूज येत नाही. नुसता ताप येतो. तो रात्री आला तर सकाळची वाट पाहावयाची नसते.

१९५५ साली पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन होऊ लागले, तेव्हा जंतूंचा प्रश्न सुटलाच असे पुष्कळांस वाटले. पण जंतू औषधांना सरावले, आणि औषधांचा वापर जेथे सर्वांत अधिक, त्या रुग्णालयांतच अधिक सरावले. जंतू हटले की बुरशी डोके वर काढते. तिच्यावरचे हॅमायसिन पिंपरीलाच डॉ. तिरुमलाचार यांनी शोधले.

सगळाच दोष रुग्णालयाचा नव्हे. पुष्कळ जंतू रोग्याच्या स्वतःच्या आतड्यातले असतात. बाकीचे शिरेतल्या नळीवाटे आणि माणसांच्या हातांवरून येतात. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवावयास लावले, तेव्हा प्रसूतिगृहातील मृत्यू शेकडा १८ वरून काही महिन्यांत शेकडा २ च्या आसपास आले. तरी त्यांचे म्हणणे पुष्कळ डॉक्टरांना रुचले नाही!

आता नाशिकमध्येही ही औषधे दिली जातात, म्हणून भेटीला जाणारे आपणच. गाडीवरून उतरून तडक खाटेशी जाणे, रोग्याच्या तोंडावरून हात फिरवणे, ही आमची मायेची रीत. पण आधी साबणाने हात धुवावेत, आणि ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने त्या आठवड्यात घरूनच विचारपूस करावी.