भीमाचा आहार आणि पहिलवानाचा उपास



आमचें एरंडोल म्हणजे महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी परंपरागत समजूत आहे. बकासुरासाठीं नेलेलें गाडाभर अन्न भीमानें त्याच्या देखत फस्त केलें, ही कथा येथें जवळच्या पद्मालयाशीं जोडलेली आहे. अशा गांवचा पहिलवान अन्नास भितो असें कोणीं म्हटलें, तर हसूंच येईल. परंतु ही गोष्ट हसण्याजोगी नव्हे.

जुन्या कुस्तीची रीत वेगळी होती. यात्रेच्या फडांत पंच नजरेनें जोड लावीत. दूध, तूप, बदाम यांचा खुराक पचवून देह कमावणें हीच मल्लाची साधना. आंतरराष्ट्रीय कुस्तींत मात्र वजनाचे गट असतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडन येथें ५२ किलोंच्या गटांत सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलोंच्या गटांत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. ऑलिंपिकचें स्वप्न आमच्या तालमींत शिरलें, त्यापाठोपाठ तराजूही शिरला.

तराजूनें लहान चणीच्या मल्लास न्याय दिला, हें खरें. पण वजन उतरवून खालच्या गटांत गेल्यास प्रतिस्पर्धी हलका मिळतो, ही पळवाटही त्यांतूनच निघाली. मग जेवण तोडावयाचें, पाणी वर्ज्य करावयाचें, अंगावर कपडे चढवून घाम गाळावयाचा. १९९७ सालीं अमेरिकेंत तीन महाविद्यालयीन मल्ल याच खटाटोपांत मरण पावले, तेव्हां कोठें तेथील नियम बदलले. वजन झाल्यावर उपाशी देह अन्नावर तुटून पडतो. मग ओकारी, मग पुन्हा उपास. कांहींची स्पर्धा संपते, पण हें चक्र संपत नाहीं.

माझ्या वर्गांत असा एक मुलगा होता. स्पर्धा जवळ आली कीं तो डबा उघडीत नसे. मीं भर वर्गांत त्याच्या संयमाची वाखाणणी केली. पुढें तो प्रार्थनेच्या वेळीं कोसळला, आणि कुस्ती सुटल्यावरही भाकरीकडे भयानेंच पाहात राहिला. ज्यास मी व्रत समजलों, तो आजार होता.

हा भ्रम माझ्या एकट्याचा नव्हे. १६८९ सालीं रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्यानें अन्न टाकून झुरणारे जे दोन रोगी वर्णिले, त्यांत एक सोळा वर्षांचा मुलगाच होता. अभ्यास सोडून खेड्यांतील हवा, घोड्यावरची रपेट आणि दूध, असा उपचार त्यास सांगितला, व तो बराच सुधारला. तरीही पुढें हा बायकांचाच आजार ठरला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादींत मासिक पाळी बंद होणें हें त्याचें एक लक्षण २०१३ सालापर्यंत होतें. मग पुरुष रोगी कोणास दिसावा? अपुऱ्या आहारानें पुरुष खेळाडूंच्या शरीराचीही हानि होते, हें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१४ सालीं स्पष्टपणें मांडलें.

वस्तादांस आणि आईबापांस माझी एवढीच विनंति आहे: मुलाचें वजन पाहतां, तसें त्याचें ताटही पाहा. तो जेवण टाळूं लागला, लपून खाऊं लागला, तर वाखाणूं नका, दटावूंही नका. त्यास वेळीच डॉक्टरांकडे न्या. माझ्या विद्यार्थ्यासाठीं तें कोणींच केलें नाहीं, मींही नाहीं.